धाव निसटली म्हणून दिसलेली बार्शीटाकळी

सामान बेताचंच घ्या. दोन सुती सूट, उन्हाची हॅट, क्विनाईनची बाटली आणि हिशेबाची वही. कामासाठी तुम्हाला परदेशी धाडलं जातंय. साल 1870. लिव्हरपूलच्या एका कापूसपेढीत तुम्ही कारकून आहात. वय तिशीच्या आत, हिशेब पक्का, पोट कच्चं. मुक्काम वऱ्हाड. मराठी कान आणि आजची समज सोबत नेता येईल, एवढी सवलत आहे. मोबाईल, बाटलीबंद पाणी आणि तिकीट बदलून घेण्याची सोय मात्र मिळणार नाही.

मालकांनी तुम्हाला का निवडलं, तेही ऐका. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकशरच्या गिरण्यांचा कापूस आटला. लाखो कामगार घरी बसले. मग सगळ्यांना हिंदुस्थान आठवला. वऱ्हाडच्या मालाला लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीवरून ‘ऊमरा’ म्हणतात. त्याचे भाव असे चढले की मुंबईत त्या पैशावर सट्टा उभा राहिला. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतल्या बँका, कंपन्या पत्त्यांसारख्या पडल्या. आता पाच वर्षांनी बाजार शुद्धीवर आलाय. दलालांच्या साखळीला वळसा घालून थेट गावातून कापूस उचलता येईल का, हे मालकांना कळायला हवंय. त्यासाठी तुम्ही.

मुंबई

सुवेझचा कालवा 17 नोव्हेंबर 1869 ला उघडला, म्हणजे चार महिनेही झालेले नाहीत. माझगावच्या धक्क्याकडे होडीने येताना पहिला घोटाळा होतो. होडीवाला भाडं सांगतो, तुम्ही निम्मं म्हणता, तो वल्ही आत घेऊन शांत बसतो. भरती-ओहोटीवर घासाघीस चालत नाही. सांगितलेले पैसे देऊन पायऱ्यांवर उतरता.

गेटवे शोधू नका, त्याला अजून चौपन्न वर्षं आहेत. बोरीबंदरला स्टेशन आहे, पण आजची ती भव्य इमारत नाही. राजाबाई टॉवरचं बांधकाम गेल्या वर्षी सुरू झालंय. घोड्यांची ट्राम 1874 मध्ये येईल. सध्या पायी किंवा घोडागाडीने कुलाब्याच्या कापूसबाजारात जायचं. मैदानभर गाठींच्या थप्प्या. व्यापारी गाठीत बोटं खुपसून चिमूटभर रुई काढतात, दोन्ही अंगठ्यांत धरून ताणतात आणि तंतूची लांबी पाहतात. तुम्हीही एक चिमूट ताणून पाहता. आत सरकीची टरफलं, माती आणि एक छोटा दगड निघतो. गाठ वजनावर विकायची, मग दगडाला कापसाचा भाव मिळतो. या भेसळीविरुद्ध मुंबई इलाख्यात 1863 चा कायदा आहे, तरी दगड अजून प्रवास करतोच आहे.

कुलाब्यातला एक पारशी व्यापारी तुम्हाला जुनी हकीकत सांगतो. विकाजी आणि पेस्तनजी या पेढीने 1825-26 मध्ये वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा मुंबईकडे आणला, पाचशे बैलांच्या पाठीवर. एक लाख वीस हजार पौंड माल. त्याआधी मध्य हिंदुस्थानातला कापूस लमाणांच्या तांड्याने गंगाकाठच्या मिर्झापूरला जायचा, वाटेत पावसात भिजायचा, धुळीत लोळायचा. आता रूळ थेट नागपूरपर्यंत आहेत, 1867 पासून.

थळ घाट ते शेगाव

गाडीत बसा. कसाऱ्यानंतर घाट लागतो. अर्ध्या चढावर गाडी थांबते, इंजिन सुटतं, मागच्या टोकाला जोडलं जातं आणि गाडी उलटी निघते. तुम्ही दार उघडून गार्डला ओरडून विचारता, मुंबईला परत का नेताय? गार्ड हसत नाही, त्याला हा प्रश्न रोजचा आहे. चढ इतका खडा की रुळांना वळण घ्यायला जागाच नाही, म्हणून मध्ये उलटं फिरायचं स्टेशन बांधलंय. 1865 पासून हा घाट असाच चढला जातो.

भुसावळला फाटा फुटतो. एक रस्ता बुऱ्हाणपूर, खांडवा करत जबलपूरकडे, दुसरा वऱ्हाडातून नागपूरकडे. दोन वर्षांनी फ्रान्समध्ये जूल व्हर्न आपल्या कादंबरीतल्या फिलिअस फॉगला याच वाटेने बुऱ्हाणपूरला आणेल आणि पुढे रूळ संपलेले दाखवून त्याला हत्ती विकत घ्यायला लावेल. कादंबरीला असा खोळंबा लागतोच. प्रत्यक्षात मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारे रूळ याच मार्चमध्ये जबलपूरला एकमेकांना मिळालेत. तुमचे खोळंबे त्यापेक्षा साधे असणार.

मलकापूर, नांदुरा, मग जलंब. इथे खामगावसाठी गाडी बदलायची, हे तुम्हाला कळतं. ट्रंक कोणी बदलायची, हे तुम्ही विचारत नाही. तुम्ही खाली, ट्रंक वर, आणि गाडी नागपूरकडे चालती. स्टेशनमास्तर तार करतो आणि चार दिवसांत येईल म्हणतो. अंगावरचा सूट, हॅट आणि वही तेवढी उरते. क्विनाईन गेलं.

थोडं पुढे शेगाव आहे. आजच्या मनाने तुम्ही हात जोडू पाहाल, पण गजानन महाराज प्रकट व्हायला अजून आठ वर्षं आहेत. सध्या शेगाव हे कापसाच्या गाड्या रिकाम्या करण्याचं एक स्टेशन आहे.

खामगाव

जलंब ते खामगाव आठ मैल. ही शाखा मार्चच्या सुरुवातीला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते उघडली. कमानींवरची पानं सुकून अजून तशीच लटकताहेत. एवढ्या आखूड फाट्यासाठी व्हाइसरॉय का आला असेल? वऱ्हाडातली सर्वांत मोठी कापूसपेठ खामगाव आहे आणि मँचेस्टरचे गिरणीवाले गेली दहा वर्षं सरकारच्या मागे लागलेत. त्यांचं समाधान करायला सरकारने कापूस कमिशनर नावाचं पदच काढलंय. त्यावर हॅरी रिव्हेट-कार्नॅक आहे. बी सुधारा, भेसळ रोखा, गाठी घट्ट दाबा, माल लवकर हलवा, हा त्याचा धोशा.

बाजारात पोचता तेव्हा सकाळचे आठ. बंड्यांच्या रांगा गावाबाहेरपर्यंत. बैल सोडलेले, जू जमिनीला टेकलेलं, बंडीखाली गाडीवान झोपलेले. ज्याच्या बंडीतला माल जास्त मऊ त्याच्याभोवती गर्दी. बनी आणि जरी, दोन जाती. बनीचा तंतू लांब, जरीचा आखूड, पण जरी काटक आणि उतारा जास्त. लिव्हरपूलला बनी हवी, कुणब्याला जरी परवडते. या एका वाक्यावर तुमच्या अहवालाचं पहिलं पान होईल. अमेरिकन बियाणं वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत रुजवायचे प्रयोग बरेच झाले, जमले मात्र नाहीत. हिंगणघाटचं बी त्यापेक्षा बरं निघालं.

आता जरा जवळ या. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर बसलेत. दोघांनी उजवे हात पुढे केले, त्यावर उपरणं टाकलं. उपरण्याखाली बोटं हलतात. एक बोट धरलं की एक रक्कम, पंजा धरला की दुसरी. ओठांतून एक शब्द नाही. चेहरा दगडी. भोवती वीस माणसं उभी आहेत, पण भाव त्या दोघांनाच ठाऊक. ज्याचा कापूस, तो कुणबी त्या वीस जणांत एक आहे.

तुम्ही पुढे सरकता. अडत्या तुमच्याकडे पाहून हात पुढे करतो, उपरणं टाकतो. साहेबाच्या सवयीने तुम्ही त्याचा पंजा घट्ट दाबून हलवता. अडत्याचे डोळे चमकतात. उपरणं उडतं, तो ओरडून काहीतरी जाहीर करतो आणि मापारी तराजू लावतो. पंजा दाबून तुम्ही सौदा पक्का केलात. किती बोजे, काय भाव, तुम्हाला ठाऊक नाही. दुपारपर्यंत हात जोडून, दोन मध्यस्थ लावून आणि सात रुपये दंडासारखे मोजून तुम्ही त्यातून सुटता.

हा उपरण्याखालचा व्यवहार वऱ्हाडाला पुढे अनेक वर्षं छळणार आहे. कारंज्यात 1886 मध्ये नियमाने चालणारा पहिला बाजार उभा राहिला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. आज ज्याला आपण कृषी उत्पन्न बाजार समिती म्हणतो, तिचं मूळ या उपरण्याखाली आहे.

अकोला

अकोल्याला उतरा. डाक बंगल्यात खानसामा विचारतो, जेवायला काय? तुम्ही विचारता, काय आहे? तो म्हणतो, सगळं आहे. पाऊण तासाने मागच्या अंगणात एक कोंबडी जिवाच्या आकांताने पळताना दिसते आणि ‘सगळं’ म्हणजे काय ते कळतं. रात्री ढेकणांची पलटण. ट्रंकेतली चादर नागपुरात.

मोर्णेच्या काठावर असदगडाच्या भिंती अजून बऱ्यापैकी उभ्या आहेत. औरंगजेबाचा वजीर असदखान, त्याच्या नावावरून हे नाव. इथल्या प्रांताची गंमत अशी की मालक निजाम आणि कारभार इंग्रजांचा. 1853 च्या करारात वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झालं, फौजेच्या खर्चापोटी. पश्चिम वऱ्हाडचा कमिशनर अल्फ्रेड लायल अकोल्यात कचेरी भरवतो. त्याने संपादित केलेलं वऱ्हाडचं गॅझेटियर याच वर्षी छापून निघतंय. कापूस, महसूल आणि शिरगणती सांभाळता सांभाळता त्याला दुसराही नाद लागलाय. गावोगावच्या शेंदूर फासलेल्या दगडांपासून वीरपुरुषांच्या समाध्यांपर्यंत लोक कशाकशाला भजतात, ते तो टिपून ठेवतो. त्यातून पुढे त्याचा एका हिंदुस्थानी प्रांताच्या धर्मावरचा निबंध झाला. तो प्रांत म्हणजे हेच वऱ्हाड.

कचेरीतला एक मराठी कारकून तुम्हाला सल्ला देतो, थेट गावाचा कापूस पाहायचा तर बार्शीटाकळीला जा. सहा कोस. सकाळी निघाल तर संध्याकाळच्या आत परत. वऱ्हाडात कोणी असं म्हटलं की अंथरूण बरोबर घ्यावं, हे तुमच्या आजच्या कानांना कळायला हवं होतं.

बार्शीटाकळीची वाट

दमणी सांगितलीय. दमणी म्हणजे माणसांची हलकी बैलगाडी, वर चटईचं छत, खाली कडब्याची गादी. बैलांच्या गळ्यात घुंगरं. सडक अशी नाहीच. दोन्ही बाजूंना वावरं, मधून पांदण. फाल्गुन आहे. कापूस वेचून झालाय, वावरात वाळलेली पऱ्हाटी उभी. बायका ती उपटून मोळ्या बांधताहेत, वर्षभराचं सरपण. धुऱ्यावर पळस पेटल्यासारखा फुललाय. काळ्या जमिनीला हात हात भेगा पडल्यात. पावसात हीच जमीन बैलाला गुडघ्यापर्यंत गिळते, म्हणून या सहा कोसांचा हिशेब वर्षातले चार महिने चालतच नाही. तुम्ही वहीत लिहिता: पावसाळ्यात वाहतूक बंद.

ऊन चढतं. छताखाली हवा भट्टीची. इतक्यात उजवं चाक खडखडतं, दमणी एका अंगाला कलते आणि लोखंडी कडं एकटंच गडगडत पुढे जाऊन बाभळीला टेकतं.

“सायेब, उतरा खाली. धाव निंगाली.”

“काहून?” तुमच्या तोंडून आपसूक वऱ्हाडी निघतं. गाडीवान क्षणभर चमकतो, पण चाकाची काळजी मोठी.

“उनानं लाकूड आटलं. लोखंड थोडीच आटते! मंग धाव सैल होते.”

“मग आता?”

“गावात नेऊ हळूहळू. चाक पान्यात टाकतो. रातभर फुगू द्या. सक्काळी पाह्यजा, कशी घट बसते ते.”

मँचेस्टरमधला कोणताही इंजिनिअर याहून चांगला उपाय सुचवणार नाही. लाकूड पाण्याने फुगतं, लोखंड फुगत नाही, धाव आपोआप आवळली जाते. खिळा नको, भट्टी नको, पैसाही नको. फक्त एक रात्र लागते. कामाच्या दौऱ्यावरच्या माणसाकडे नेमकी तीच नसते.

धाव दोरीने बांधून, तुम्ही पायी आणि बैल रिकामे, असे बार्शीटाकळीत शिरता. गाडीवान चाक काढतो, नदीच्या डोहात आडवं बुडवतो, वर दोन दगड ठेवतो आणि बिडी पेटवून बसतो. त्याच्या लेखी काम झालंय.

चावडी

पाटलाकडे वर्दी जाते. चावडीवर घोंगडी अंथरली जाते. जेवण येतं: ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, कांदा आणि द्रोणात हिरवागार गोळा. तुम्ही त्याला पुदिन्याची चटणी समजता आणि अर्धी भाकर त्याच्याबरोबर एकाच घासात घालता. पुढचा काही वेळ गाव धूसर दिसतं.

“अवो माय! सायबानं सगळाच ठेचा खाल्ला!” भिंतीआडून आवाज. “ताक द्या वं त्याले!”

ताक येतं, वरून, ओंजळीत. भांडं तुम्हाला मिळणार नाही, परक्याला भांडं न देण्याची रीत आहे आणि ती पाळली जाते. मायाही तितकीच खरी. दोन्ही एकाच हाताने वाढलं जातं, हे या काळात येणाऱ्या माणसाने डोळे उघडे ठेवून पाहावं.

ओसरीवर दोन बायका रेचा फिरवताहेत. दोन रूळ, एक लाकडी आणि एक लोखंडी, एकीने हात फिरवायचा, दुसरीने कापूस भरवायचा. पलीकडून रुई निघते, अलीकडे सरकी टपटप गळते. सरकी म्हशीला. रुई बाजाराला. जिनिंगचे कारखाने अजून गावाच्या शिवेपर्यंत आलेले नाहीत. आले की हा रेचा माळ्यावर जाईल आणि या बायकांची मजुरीही. तुम्ही मजुरी विचारता, वहीत लिहिता, त्याखाली रेघ ओढता.

पाटील समोर येऊन बसतो. भाव विचारायला तुम्ही आलात, पण प्रश्न त्याचे सुरू होतात.

“तुमच्याकडं कापूस पिकत नाही म्हन्ता?”

“नाही.”

“अन् हे धोतरजोडे तिकडूनच येतेत?”

“हो.”

“मंग कापसाच्या जान्याचं भाडं अन् धोतराच्या येन्याचं भाडं, दोन्ही कोन देते?”

लिव्हरपूलमध्ये तुम्हाला व्याजाचं चक्रवाढ गणित शिकवलंय, या गणिताचं उत्तर शिकवलेलं नाही. बाळापूरची पागोटी एकेकाळी लांबवर जात. आता गावच्या कोष्ट्याचा माग गिरणीच्या सुतापुढे आणि कापडापुढे दम तोडतोय. याच वर्षी समुद्राखालून मुंबईपर्यंत तारेची केबल आलीय. लिव्हरपूलमध्ये भाव एक पेनी हलला की थोड्याच वेळात तो हादरा खामगावला, तिथून बंडीबरोबर बार्शीटाकळीला. पाटलाला हे सगळं ठाऊक नाही, पण भाव कोणीतरी दूर बसून ठरवतं एवढं त्याने ओळखलंय. 1865 मध्ये भाव का पडला, असं तो विचारतो. अमेरिकेतलं युद्ध संपलं, असं तुम्ही सांगता. तो गप्प राहतो. तेजीत सोन्याची पुतळी केलेली, मंदीत सावकाराकडे गेलेली, आणि कारण कोणत्या तरी मुलखातली लढाई.

कालंका

दिवस अजून शिल्लक आहे. करायला काही नाही. कामाच्या माणसाला अशी संध्याकाळ सहसा मिळत नाही. पाटील म्हणतो, आलेच आहात तर कालंका देवीचं देऊळ पाहून घ्या.

देऊळ काळ्या पाषाणाचं. लांबून बसकं, भरदार दिसतं. जवळ गेलात की भिंत एका रेषेत राहत नाही, कोनाकोनांनी वळत जाते, त्यामुळे उतरत्या उन्हात तिच्या निम्म्या बाजू उजळ आणि निम्म्या काळ्या. बोटाने सांधा शोधा. दोन शिळांच्या मध्ये चुना नाही, माती नाही. वहीचं पान सरकवून पाहा, जात नाही. दगड दगडावर नुसत्या मापाने आणि वजनाने बसलाय. ज्याने हे बसवलं त्याच्याकडे वाफेचं दाबयंत्र नव्हतं, पण गाठ कशी घट्ट बसवायची हे खामगावच्या प्रेसवाल्यांपेक्षा त्याला चांगलं कळत होतं.

आत वाका, चौकट ठेंगणी आहे. तुमची हॅट चौकटीला लागून खाली पडते. गुरव ती उचलून देतो आणि चपला-बूट बाहेर काढायला लावतो. दगडाचा गारवा तळव्यांतून वर चढतो. दिवसभरात पहिल्यांदाच अंगाला गार लागलंय. दिव्याच्या उजेडात खांबांवरची नक्षी थरथरते. गुरव सांगतो, “हेमाडपंतानं एका रातीत बांधलं म्हंतात.”

मग तो दिवा एका कोरीव लेखाजवळ धरतो. कारकुनाच्या डोळ्यांना त्या ओळी म्हणजे नक्षी. तुमच्या आजच्या समजेला त्यातला शक कळतो: 1098. इसवी सनात 1176-77.

आता तुमच्यातला हिशेबनीस जागा होतो. हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री पंडित, यादव राजे महादेव आणि रामदेव यांचा श्रीकरणाधिप (दफ्तरप्रमुख), तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. लेख त्याच्या कारभाराआधी ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा. एका रातीची गोष्ट सोडा, हे देऊळ घडलं तेव्हा हेमाडपंताचा जन्मही झालेला नसावा. देवगिरी यादवांची राजधानी व्हायला अजून दहा वर्षं होती. चुन्याशिवाय बांधायची ही रीत आधीपासूनची, नाव तेवढं त्याचं चिकटलं.

दुसरी वजाबाकी तुमच्या घरची. ज्या लिव्हरपूलहून तुम्ही या ‘मागास’ मुलखाचा अहवाल लिहायला आलात, त्या गावाला इंग्लंडच्या जॉन राजाची सनद मिळाली 28 ऑगस्ट 1207 ला. तेव्हा ते खाडीकाठचं एक खेडं होतं. बार्शीटाकळीत तोवर तीस वर्षं देवीपुढे दिवा लागत होता आणि शिळेवर कोरून हिशेब ठेवण्याइतकी माणसं शिकलेली होती.

परतीचा अहवाल

सकाळी गाडीवान चाक डोहातून काढतो, धावेवर दगड मारून दाखवतो. टणक आवाज. “पाह्यलं?” एवढंच विचारतो. दुपारी अकोल्याला पोचता. नागपूरहून ट्रंक आलीय, मुंबईची गाडी तासाभरापूर्वी गेलीय. पुढची मिळेपर्यंत स्टेशनच्या बाकावर तुम्ही अहवाल पूर्ण करता. कापूस: जात जरी, स्वच्छता बरी. वाहतूक: बैलगाडी, पावसात अशक्य. हाताचे रेचे: मंद, पण तंतू तोडत नाहीत. थेट खरेदी: रस्त्याशिवाय परवडणार नाही. कालंकेचं देऊळ अहवालात नाही. त्यासाठी रकाना नव्हता.

तुमच्यासारखे शेकडो लोक वऱ्हाडात आले आणि रकाना भरून गेले. हेन्री कझिन्स हा पुरातत्त्व खात्यातला माणूस त्यातला वेगळा, कारण देवळं मोजणं हेच त्याचं काम होतं. सिन्नर, लोणार, मेहकर यांच्याबरोबर बार्शीटाकळी त्याच्या दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरच्या ग्रंथात आली, तो ग्रंथ 1931 चा. आणि रूळ? कापसासाठी आठ मैलांचा फाटा खामगावला 1870 मध्ये मिळाला. अकोल्यापासून सहा कोसांवरच्या बार्शीटाकळीला रेल्वे यायला इंग्रज जावे लागले. खांडवा, अकोला, हिंगोली ही मीटरगेज स्वातंत्र्यानंतर पुरी झाली, अकोला-पूर्णा भाग 2008 मध्ये ब्रॉडगेज झाला. कोणत्या गावाला आधी गाडी मिळते, ते त्या गावातून काय बाहेर न्यायचंय यावर ठरत आलं.

आता उतरा आपल्या काळात. बार्शीटाकळी आज तालुक्याचं गाव आहे. अकोल्याला पाणी देणारं महानचं धरण याच तालुक्यात, काटेपूर्णेवर, आणि त्याला लागून अभयारण्य. शेतात कापसाबरोबर सोयाबीन आणि तूर आली. कापसाचा भाव अजूनही दूरच ठरतो, फक्त तो आता पाटलाच्या नातवाच्या मोबाईलवर दिसतो. लिव्हरपूलच्या कारकुनाला भेगाळ पांदणीत लागलेला अर्धा दिवस आता अर्ध्या-पाऊण तासात उरकतो. एसटी आहे, ऑटो आहे, गाडी आहे. तरीही आपल्यातले बहुतेक जण अकोल्याला उतरतात ते शेगावची किंवा नागपूरची पुढची गाडी पकडायला.

पुढच्या वेळी कामासाठी अकोल्याला गेलात तर परतीच्या तिकिटात अर्धा दिवस मुद्दाम मोकळा ठेवा. चाक निखळायची वाट पाहू नका. कालंकेच्या देवळात जाल तेव्हा कोरलेल्या अक्षरांवर शेंदूर किंवा ऑइलपेंट फासू नका, खडूने गिरवू नका, कोणी करत असेल तर गोडीत थांबवा. आठशे चाळीसहून जास्त वर्षं तो शक वाचता येतोय. आपल्या पिढीत तो बुजला, तर दोष साहेबाच्या माथी मारता येणार नाही.